मागच्या सालचा कागद

मॅट्रिकला थर्ड डिव्हिजन आली म्हणून कॉलेजात सायन्सला प्रवेश मिळेना. आंजी गावच्या कांताने वर्षभर खपून पुन्हा परीक्षा दिली आणि फर्स्ट डिव्हिजन मिळवली. घरात आनंदीआनंद झाला. आता पोरीला स्थळ चांगलं मिळणार होतं ना!

नाचणगावचे बापूराव मुलाला घेऊन तिला पाहायला आले. निकालाचा कागद वाचताच त्यांचं तोंड उतरलं.

"आमचा पोरगा थर्डमंदी पास हाय, नानाजी. बायको नवऱ्याच्या वर शोभते का?"

कांताच्या वडिलांनी, नानाजींनी, घाईघाईने पेटी उघडली. "मागच्या सालचा कागद बी हाय ना! त्यात थर्डच हाय!"

बापूराव खुलले. "मंग हा कागद चालते."

बापाने नव्या कागदाबरोबर आपलं अख्खं वर्ष असं पेटीत घातलेलं पाहून कांताला राहवलं नाही. चहाची बशी पुढे ठेवत ती म्हणाली, "काकाजी, त्यापेक्षा तुमच्या पोरालेच फिरून बसवा ना परीक्षेले. मले घाई नाई."

इतका वेळ मान खाली घालून बसलेला नवरदेव पहिल्यांदाच बोलला,

"नका जी बसवू. हे थर्डच तिसऱ्या खेपेले भेटलं."