मानाची जोडी

पोळ्याचं तोरण दुपारपासून दोन खांबांना टांगलेलं होतं आणि त्याखालून अजून एकही बैल गेला नव्हता. आंब्याची पानं मलूल झाली होती. मारुतीच्या पारासमोर गावातले सगळे बैल झुली पांघरून, शिंगांना बेगड लावून खोळंबले होते. मानाची जोडी पुढे गेल्याशिवाय पोळा फुटत नाही, आणि यंदा मानाच्या जोड्या दोन होत्या.

एक सरपंच राजकुमारची. दुसरी इंद्रभानची. इंद्रभान मागची निवडणूक हरला होता, पण हे त्याला अजून कोणी पटवून देऊ शकलं नव्हतं. दोघांच्या दारात ट्रॅक्टर उभे होते, बैल कोणाकडेच नव्हते. राजकुमारनं दिवसापुरती जोडी वरवट बकालहून आणली होती, इंद्रभाननं मेव्हण्याकडून मागून. कित्येक वर्षांत ज्यांनी बैलाच्या पाठीवर हात फिरवला नव्हता, ते आज बैलांच्या मानासाठी जीव द्यायला निघाले होते. स्वतःचा नव्हे, अर्थात.

त्यांच्या लगेच मागे गोजरबाई आपली जोडी घेऊन उभी होती. नवरा खुबा मोडून अंथरुणाला खिळलेला, म्हणून कासरे तिच्या हातात. जोडीतल्या चांद्याला दोन दिवस ताप होता, काल डॉक्टरनं सुई टोचली होती. पण वर्षभर राबलेल्या बैलाला पोळ्याच्या दिवशी गोठ्यात बांधून ठेवायला तिचं मन धजेना. एरवी तोरणाखालून जाणं म्हणजे घटकाभराचं काम. आता चांद्या मान टाकून थरथरत होता, आणि मागे दाटी एवढी की वळायलाही जागा नव्हती. लोकांच्या वावरात याच जोडीनं डवरे हाकून, पिकातलं तण काढून तिचं घर चालायचं.

"बापू, माह्या बैलाले ताप हाय," ती म्हणाली. "तुमचं मिटवा लवकर, नाहीतर मले तरी जाऊ द्या."

"आमी कुठं अडवून राह्यलो, काकू?" राजकुमार म्हणाला. "त्याले सांगा."

"मले काऊन?" इंद्रभान म्हणाला. "त्याले सांगा."

ग्रामपंचायत तीन वर्षं अशीच चालली होती. म्हणजे चालली नव्हती. एकानं पाण्याची टाकी मागितली की दुसरा रस्त्यासाठी अडून बसायचा. टाकीही झाली नाही, रस्ताही झाला नाही. दोघांच्या मागे हात वर करणारी माणसं मात्र सारख्याच संख्येनं निघायची, आणि आपण काहीतरी जिंकतो आहोत असं त्या माणसांना खरोखर वाटायचं.

दरवर्षी पोळ्याच्या झडत्या, म्हणजे तोरणाखालची गाणी, म्हणणारे म्हातारे शेषराव शेवटी मध्ये पडले. "दोनी जोड्या बरोबर काढा ना," ते म्हणाले.

"उजव्या अंगाले कोन राहीन?" इंद्रभाननं विचारलं.

"चिठ्ठ्या टाका मंग."

"चिठ्ठ्या कोन लिहीन?" राजकुमारनं विचारलं, आणि त्याच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. फार मोठा मुद्दा काढला होता त्यानं.

शेषरावांनी कपाळाला हात लावला. "मंग गोजरबाईची जोडी जाऊ द्या पुढं. तुमच्या दोघायच्या बैलायनं या गावची माती तरी पाह्यली काय? तिच्या जोडीनं अर्ध्या गावचं वावर डवरलं."

"ते नाही जमत," दोघं एकदम म्हणाले.

तीन वर्षांत गावात एकमतानं झालेला हा पहिला निर्णय. दोघं क्षणभर ओशाळले आणि त्यांनी तोंडं फिरवली.

गोजरबाईनं पुढची वाट पाहिली नाही. दोन्ही जोड्यांच्या मधल्या फटीतून तिनं बैल पुढे काढले. तेवढ्यात डावीकडून राजकुमारच्या माणसाची काठी आली, उजवीकडून इंद्रभानच्या माणसाची, आणि तोरणाखाली दोन्ही काठ्या आडव्या झाल्या.

"काकू, मानाचं काम हाय हे," त्यातला एक जण म्हणाला. "तुमचं नाही."

चांद्या थांबला. त्याचे पुढचे गुडघे दुमडले, मग मागचे, आणि तो तोरणाखालीच कुशीवर कलंडला. गोजरबाईनं खाली बसून त्याच्या नाकपुड्यांपुढे हात धरला. बराच वेळ धरला. मग तिला रडू फुटलं.

पारापाशी वाजणारे ढोल बंद पडले. पुढे इंद्रभान झाला. "पाह्यलं? सरपंचाच्या हट्टापाई मुकं जनावर गेलं," तो मोबाइल धरलेल्या आपल्या माणसाकडे तोंड करून म्हणाला. राजकुमारनंही आपला मोबाइलवाला बोलावून घेतला आणि तेच वाक्य, नाव बदलून, म्हटलं. मागून कोणीतरी ओरडलं की आधी जनावर उचला, पोळा फुटायचा राह्यला हाय.

गोजरबाईनं डोळे पुसले. चांद्याच्या अंगावरची झूल सोडवून खांद्यावर टाकली आणि उरलेल्या बैलाचा कासरा धरून ती तोरणाखालून निघून गेली. या वेळी कोणाची काठी आडवी आली नाही. पलीकडे जाऊन ती वळली.

"तो एका पार्टीच्यानं उचलल्या जानार नाही," ती म्हणाली. "दोघं मिळून खांदा द्या."

आता गाव बघत होतं. राजकुमारनं बाह्या सरसावल्या. इंद्रभाननंही सरसावल्या. दोघं बैलापर्यंत आले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"तोंडाकडून कोन धरन?" इंद्रभाननं विचारलं.