न्हाणीतला दगड

कर्तोद्रोनोने तो दगड पडक्या देवळातून उचलून आणला. त्याच्या मुलाने, सारपिनने, तो न्हाणीत बसवला. सारपिनच्या मुलीने, मुकिनाने, त्यावर जन्मभर पाणी ओतले. आणि मुकिनाची मुलगी लासिना शुक्रवारी भर दुपारी, पुरुष मशिदीत गेलेले असताना, पहार घालून तो उखडत होती.

सत्तरी उलटली तरी तिचा हात ढळत नव्हता. सगळी वाडी तिला म्बाह म्हणे. आजी म्हणून कमी, धाकाने अधिक.

घरातल्या गरोदर स्त्रीला सातव्या महिन्यात याच दगडावर बसवून सात झऱ्यांच्या पाण्याने न्हाऊ घालीत. त्यावर बसलेल्या एकाही स्त्रीचे पहिले मूल जगले नव्हते. सारपिनच्या बायकोचे नाही, मुकिनाचे नाही, लासिनाचेही नाही. येत्या रविवारी तिच्या धाकट्या मुलीला, वार्सिनीला, न्हाऊ घालायचे होते. तिचे हे पहिलेच.

"आई, हे काय करताय?" वार्सिनी दारातून म्हणाली. "दगड दडवायचे, ही शपथ सगळ्यांना तुम्हीच घातली ना?"

शपथ तिनेच घातली होती. सरकारी माणसांनी साबुकंदाच्या शेतातले देवळाचे विखुरलेले दगड गोळा करून त्यांच्यावर आकडे टाकले होते. नियम साधा होता. दर चारातले तीन मूळ दगड सापडले, तर देऊळ पुन्हा उभारायचे आणि त्याला खेटून असलेली ही एकोणीस घरांची वाडी उठवून नदीपलीकडे न्यायची. नाही सापडले, तर ढीग तसाच सोडून निघून जायचे. सतरा दगड कमी पडत होते.

ते कुठे आहेत हे साहेबांखेरीज सर्वांना ठाऊक होते. कुणाच्या विहिरीची कड, कुणाची कोयत्याला धार लावायची शिळा, कुणाचा मिरची वाटायचा पाटा. लासिनाने साऱ्यांना अंगणात उभे करून बजावले होते, "ज्याच्या दारातून दगड बाहेर पडेल, त्याच्या मयतीला मी येणार नाही."

"आणि म्बाह, तुम्हीच आधी गेलात तर?" पोनिरानने विचारले होते. त्याची म्हैस देवळाच्याच दगडाला बांधलेली असे.

"तर वर तुझी वाट बघत बसेन. दात काढू नकोस, माकडा."

आता पहारीखाली दगड हलला. लासिनाने कपाळ पुसले.

"एकाने काय होते?" ती मुलीला म्हणाली. "सतरा कमी होते, आता सोळा कमी. सोळा कमी म्हणजेही कमीच. देऊळ उभे राहत नाही, वाडी हलत नाही, आणि तुझ्या पोटावरचे देणे उतरते. जा, आडवी हो."

तिने दगड बांबूच्या टोपलीत ठेवला, वर पाला पसरला आणि टोपली ओढणीने पाठीशी बांधली. वाटेत पोनिरानची बायको सुकेसी बांधावर बसलेली दिसली. पाल्याची टोपली शेजारी टेकलेली; घामाने झंपर अंगाला चिकटलेला.

"पाला एवढा जड झाला का गं?"

"ओला आहे, म्बाह." सुकेसीने खालूनच पाहिले. "तुमचाही ओलाच दिसतो."

"ओलाच. नवऱ्याला सांग, म्हशीला फार घालू नकोस. पोट फुगेल."

लासिना थांबली नाही. स्वतःच्या टोपलीपलीकडे तिला काही सुचत नव्हते. शेतात राखणदार नव्हता. तोही नमाजाला गेला होता. तिने दगड ढिगाच्या मागच्या अंगाला उतरवला, त्यावर मूठभर गुलाबाच्या पाकळ्या ठेवल्या आणि कुणाशी बोलावे तसे म्हणाली, "तुझे तुला दिले. आता माझे मला राहू दे."

रविवारी वार्सिनीला साध्या चटईवर बसवून न्हाऊ घातले. सातवा तांब्या ओतताना लासिनाच्या तळव्याखाली मूल हलले. त्या दिवशी ती कुणावरही ओरडली नाही.

पुढच्या आठवड्यात मोजणीचे साहेब आले. नाव हर्तांतो, वय तिशीच्या आत, बूट चिखलाने भरलेले, आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. त्यांनी सारी वाडी शेतात बोलावली.

"आम्ही तर तंबू आवरायला घेतले होते," ते म्हणाले. "सतरा दगड हवे होते. काल शेवटची मोजणी केली, तर एकोणीस नवे! एका दगडावर मिरचीचा वास, एकावर दाव्याचा वळ. म्बाह, ही सगळी तुमची शिकवण. वाडीतले एकसुद्धा घर मागे राहिले नाही."

लासिनाने अपराधी शोधायला मान वर केली. पोनिरान नदीकडे पाहत होता. सुकेसी नखाने नख कोरत होती. कुणाच्या नातवाचा ताप उतरत नव्हता, कुणाचा मुलगा परदेशी जहाजावर गेला तो वर्षभर बोलला नव्हता, कुणाची म्हैस गाभ टाकीत होती. प्रत्येक घराने एकच दगड आणला होता, आणि प्रत्येक घराने तोच हिशेब केला होता.

शिव्यांनी तोंड भरून आले होते. त्या तिने गिळल्या.

"सामान हलवायला किती दिवस?" तिने विचारले.

"तीन महिने, म्बाह."

"बाळंतपण तेवढे इथे उरकेल," ती म्हणाली आणि घराकडे वळली.

पूर्वजांनी देवळाचे जे नेले होते ते घराघरातून चुकते झाले होते, आणि फेडणाऱ्या एकोणीस घरांपैकी एकाच्याही पायाखाली स्वतःची जमीन उरली नव्हती.