पाहुण्याचा पाय

खांद्यावर शाल पडली तेव्हा वाल्मीकच्या लक्षात आलं की आपल्याला खेळायला बोलावलेलं नाही.

दुपारचे चार वाजले होते. पंचवटीतलं मैदान पाणी मारून, दाबून तयार होतं. मागच्या कापडी बॅनरवर 'कबड्डी स्पर्धा १९९८' असं रंगवलेलं होतं आणि माइक मंडळाचा सेक्रेटरी रंगनाथ याच्या हातात होता. "मुंबईच्या कंपनीकडून सोळा वर्षं मैदान गाजवणारे, आपल्याच मंडळाचे माजी खेळाडू..." 'माजी' हा शब्द लोक फार प्रेमाने उच्चारतात. वाल्मीक एकोणचाळीस वर्षांचा होता, आणि त्याने पँटच्या आत खेळायची चड्डी घातलेली होती.

रंगनाथने माइक ठेवल्यावर वाल्मीक हळूच म्हणाला, "रंगा, मी खेळायला आलोय."

रंगनाथ हसला. मग त्याने मित्राचा चेहरा पाहिला आणि हसणं आवरलं. "अरे, वय काय आपलं?"

"फोनवर काय बोलला होतास तू?"

"तुझ्याशिवाय फायनल सुरू होणार नाही म्हणालो. खरंच आहे ना. तू नारळ फोडल्याशिवाय कशी होणार?"

रंगनाथचा राग आला असता तर बरं झालं असतं, पण वाल्मीकला नुसतंच वाईट वाटलं. तो कंपनीत लागला त्याच वर्षी मंडळ याच मैदानावर फायनल हरलं होतं, त्याच्यावाचून. या मार्चमध्ये कंपनीने संघ बंद केला तेव्हा बाकीचे हळहळले, हा मात्र मनातून खूश झाला. एक फायनल मंडळाकडून खेळायची, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी महिनाभर बैठका मारल्या होत्या. आज सकाळी तर सविताने, इंदिरानगरच्या बहिणीने, पुरणपोळी केली होती, तिला हातही लावला नव्हता. भरल्या पोटी दम टिकत नाही.

त्याने नारळ फोडला. मग खेळाडूंची ओळख सुरू झाली. चपला मैदानाबाहेर काढून, शाल सावरत वाल्मीक मध्यरेषेपाशी गेला. समोरच्या संघाने हात मिळवले. मंडळाची पोरं मात्र घरची, ती पायाच पडणार. रंगनाथ म्हणाला, "हा हर्षल. आपला डावा कोपरा. याच्या हातात घोटा आला की माणूस परत जात नाही."

हर्षल वाकला. त्याचा हात घोट्याशी आला आणि वाल्मीकचा पाय झटकन मागे गेला.

लोक हसले. वाल्मीकही ओशाळून हसला. इतकी वर्षं घोट्याकडे येणारा हात एकाच कामासाठी येत होता, त्या पायाला नमस्कार कसा कळावा?

"पड रे नीट पाया," रंगनाथ म्हणाला.

हर्षल पुन्हा वाकला. पाय पुन्हा निसटला.

आता हर्षलने मान वर करून पाहिलं. त्याचे गुडघे आपोआप वाकले, दोन्ही हात पुढे आले. वाल्मीकच्या तोंडून बारीक आवाजात 'कबड्डी, कबड्डी' सुरू झालं होतं. ते त्याला स्वतःलाही जरा उशिराच कळलं.

वाल्मीकने रेषा ओलांडून पाऊल आत टाकलं आणि उजवा खांदा झुकवून हूल दिली. हर्षल फसला नाही. त्याने सूर मारला आणि घोटा असा धरला की वाल्मीक शालीसकट मातीत आडवा झाला. चांगली पकड होती. इतकी चांगली, की पडल्या पडल्या वाल्मीकला आनंद झाला. पाय हलत नव्हता, गुडघ्यातून कळ गेली होती, पण 'कबड्डी, कबड्डी' थांबलं नव्हतं.

तेवढ्यात हर्षलला भान आलं, की आपण प्रमुख पाहुण्याला लोळवलंय. त्याने घाईने हात काढले. "सॉरी काका," तो पुटपुटला.

वाल्मीकने सरपटत हात मागे लांबवला आणि मध्यरेषेला टेकवला. टाळ्या पडल्या. रंगनाथ घाबराघुबरा होऊन शाल झटकू लागला. "लागलं का रे? चल, खुर्चीवर बस आधी."

वाल्मीक उठला नाही.

"पकड बरोबर होती तुझी," तो धापा टाकत हर्षलला म्हणाला, पण बघत होता रंगनाथकडे. "सोडलास कशाला? मी बाद झालो नव्हतो अजून."