नॉर्मलपेक्षा बरा

क्रेनवाला साहेबांच्या टेबलाखाली गेला. असो. तसं काही घडलंच नाही असं नंतर कागदावर ठरलं. तेव्हा आपणही तो खुर्चीतच बसलाय असं धरून चालू.

तर तो खुर्चीत बसला होता. समोर कारखान्याचे मॅनेजरसाहेब, शेजारी कारखान्याच्या डॉक्टरबाई आणि मधे दोन रिपोर्ट. एक त्याचा, एक साहेबांचा. साहेबांना तपासणीची काही गरज नव्हती. पण कामगारांची भीड चेपावी म्हणून त्यांनीही सकाळी उठल्या उठल्या कापसाची गुंडाळी चघळून थुंकी तपासायला दिली होती.

नियम सोपा होता. थुंकीत ताणाचं रसायन जास्त निघालं तर क्रेनवरून उतरवून खाली गोदामात काम. कमी निघालं तर सोमवारपासून पुन्हा वर, चाळीस फुटांवरच्या केबिनमध्ये. क्रेनवाल्याला गोदाम हवं होतं. त्यासाठी त्यानं कापूस इतका मन लावून चघळला होता की बायको म्हणाली, "अहो, गिळाल!"

"अभिनंदन," साहेब म्हणाले. "तुझा ताण नॉर्मलपेक्षाही कमी. अख्ख्या कारखान्यात तुझ्याइतका निवांत माणूस नाही."

क्रेनवाल्यानं मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"साहेब, पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही. छाती धडधडते."

"छातीचं कामच आहे ते. बरं, दहा महिन्यांपूर्वी झालं काय होतं? साखळी तुटली, लोखंड पडलं. खाली उभा असलेला तुझा सोबती शिंक आली म्हणून दोन पावलं मागे सरकला होता. रजिस्टर बघ. इजा: कोणालाही नाही. म्हणजे काही झालंच नाही!"

हे मात्र क्रेनवाल्यालाही पटत होतं. सोबती धडधाकट होता. उलट वजन वाढलं होतं त्याचं. मग दहा महिने आपलं अंग नेमकं कोणासाठी घाबरतंय, हे त्याला कळेना.

डॉक्टरबाई पुढे सरकल्या. "साहेब, थुंकीवरून भीती मोजता येत नाही, हे मी आधीच लिहून दिलं होतं. अशा धक्क्यानंतर हे रसायन कधी कधी कमीच निघतं. ते शरीराचा ब्रेकही असतं. ब्रेक कमी म्हणजे गाडी उभी आहे असं होत नाही."

"बाई, फॉर्मवर दोनच चौकोन आहेत. जास्त आणि कमी."

एवढं बोलून साहेबांनी किल्ल्यांचा जुडगा खणकन टेबलावर टाकला.

आता, टेबलाखाली कोणी गेलंच नव्हतं. पण समजा गेलं असतं, तर 'किल्ल्या' हा शब्द डोक्यात उमटायच्या आत त्याचे गुडघे फरशीवर टेकले असते. डोकं मागाहून धापा टाकत पोचलं असतं आणि त्यानं विचारलं असतं, काय झालं रे? गुडघ्यांनाही ते माहीत नसतं. आणि समोर त्याला साहेबांचे बूट दिसले असते, शिलाई मशीनवर बसल्यासारखे थडथड हलणारे.

वर डॉक्टरबाईंनी दुसरा रिपोर्ट उलगडला. "तुमचं मात्र दुप्पट निघालंय, साहेब."

बूट थांबले.

"दुप्पट म्हणजे... गोदाम?"

"नियम तुमचाच आहे."

वर साहेबांचं पेन स्वतःच्याच फॉर्मवर करकरलं. इतक्या झटपट या कारखान्यात आजवर कोणाची बदली झाली नव्हती. मग साहेबांचा चेहरा टेबलाखाली डोकावला. तो एकदम दहा वर्षांनी लहान दिसत होता.

"काय रे, गोदामाला खिडकी आहे का?"

"आहे साहेब. एक. मी बघून आलो होतो."

"वा," साहेब म्हणाले. मग थोडे ओशाळले. "तुझा फॉर्म बंद करतोय. 'विनंती'चा रकाना तेवढा कोरा राहिलाय. लिही काहीतरी. कोरा चालत नाही."

डॉक्टरबाई खाली फरशीवर येऊन बसल्या. त्याच्या उजव्या हातात पेन दिलं, डावं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजू लागल्या. मधेच त्यांचा आकडा चुकला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

क्रेनवाल्यानं फॉर्म गुडघ्यावर ठेवला. गुडघा हलत होता, म्हणून अक्षर जरा वाकडं आलं:

"माननीय महोदय, दहा महिन्यांपूर्वी माझ्या क्रेनवरून सुटलेले लोखंड जमिनीवर पोचले असून ते आता आणखी पडणार नाही, असे माझ्या गुडघ्यांना आपल्या सही-शिक्क्यानिशी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती."