उलटा पीळ

गाठीचा शेवटचा पीळ धाकटीनं उलट्या बाजूनं घातला आणि दोरी ओढून घट्ट केली.

शिडाचा खालचा, मागचा कोपरा. तिथं पितळी कडं असतं. कड्यात दोरी बांधायची, आडव्या दांडीच्या टोकाला असलेल्या कप्पीतून फिरवायची आणि होडीत बसणारीच्या हाताशी आणून चापात अडकवायची. ओढली की शीड ताठ होतं, सैल सोडली की पोट धरतं. वाऱ्याशी सगळं भांडण याच दोरीवर चालतं. ही गाठ धाकटी डोळे मिटून मारायची. आज डोळे उघडे ठेवून चुकवत होती. उलट्या पिळाची गाठ दिसायला अगदी तशीच दिसते. दोरी भिजली, तिच्यावर जोर आला की मात्र निसटते. जिवाला धोका काही नव्हता. कोपरा दांडीशी धरून ठेवणारा पट्टा तिनं नीट आवळला होता. थोरली बुडायला नको होती. थोरली हरायला हवी होती.

"आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?" शेडचा राखणदार दारातूनच म्हणाला. "तू, आणि ताईच्या होडीचं शीड बांधतेयस?"

"का? माझ्या हाताला काटे आहेत?"

"हाताला नाहीत गं बाई. पण तीन वर्षं तुझं तोंड शिवलेलं बघतोय मी."

धाकटी हसली. हसणं काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

तीन वर्षांपूर्वी आईचा शेवटचा आठवडा चालला होता आणि धाकटी परगावी शर्यतीला गेली होती. रोज फोन करायची. रोज थोरली सांगायची, "आई झोपलीय. तू शर्यतीकडं लक्ष दे." पदक गळ्यात घालून धाकटी घरी आली, तेव्हा आईची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. गादी गच्चीवर उन्हात पडली होती.

"कळवलं असतं तर तुझी शर्यत बुडाली असती," एवढंच थोरली म्हणाली.

धाकटीनं पदक काढून फळीवर ठेवलं आणि त्याच क्षणी मनाशी ठरवलं. जी शर्यत तू माझ्या आईपेक्षा मोठी केलीस, तीच एक दिवस तुझ्या हातातून काढून घेईन. तेव्हापासून एका घरात दोन चुली. मीठ संपलं तरी धाकटी शेजारी मागायची, भिंतीपलीकडे नाही.

आणि आज थोरलीच्या गटाची निवडीची शर्यत होती. पहिल्या दोघींना संघात घेणार होते. पुढच्या वर्षी थोरलीला वयाची अट आड येणार होती. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. क्लबचा नियम होता, शीड बांधणारी एक आणि तपासणारी दुसरी. थोरलीची नेहमीची जोडीदारीण तापानं अंथरुणात होती. सकाळी धाकटी थोरलीच्या दारात उभी राहिली.

"मी बांधते."

थोरलीचा चहाचा कप ओठांपाशी थांबला. तिनं मान डोलावली. देव असा आयता डाव हातात देईल, असं धाकटीला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आता थोरली तपासायला आली. चापापासून सुरुवात करून तिनं दोरीवरून बोट फिरवत नेलं. कप्पी. दांडीचं टोक. कड्यापाशी बोट थांबलं. थोरलीनं मान वर करून बहिणीकडे पाहिलं. मग शर्यतीच्या पर्यवेक्षकांकडे वळून ती म्हणाली, "पाहिली." आणि कागदावर सही करून टाकली.

पहिल्या बोयापर्यंत थोरली दोन होड्यांच्या अंतरानं पुढं होती. तिचं शीड असं सुरेख धरलं होतं, की धक्क्यावरचे लोक टाळ्या वाजवू लागले. त्यांच्यात उभी धाकटी दातओठ खात पुटपुटत होती, "सूट. सूट मेले, सूट."

दुसऱ्या फेरीत होडी वाऱ्याकडे वळली. एक जोराचा झोत आला आणि शिडाचा कोपरा सर्रकन पुढं सरकला. रिकाम्या उशीच्या खोळीसारखं शीड लोंबलं. एक होडी पुढं गेली. मग दुसरी. थोरलीनं होडी वाऱ्यासमोर थांबवली, दांडी आत ओढली, गाठ मारली. तोवर सगळ्या निघून गेल्या होत्या. अकरा होड्यांत अकरावी.

धाकटीच्या काळजात तीन वर्षांनी थंडावा पडला.

होडी काठाला लागताच पर्यवेक्षक धावत आले. "गाठ कोणाची होती?"

"तपासली मी होती," थोरली म्हणाली. "चूक माझी." ते मान हलवत निघून गेले.

दोघीच उरल्या. थोरलीच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. धाकटीनं कधीचं जपून ठेवलेलं वाक्य बाहेर काढलं.

"आता कळलं ना ताई? वेळेवर न पोचणं म्हणजे काय असतं ते?"

"कळलं." थोरली भिजलेलं शीड गुंडाळत राहिली. "गाठ उलटी आहे, हेही सकाळीच कळलं होतं मला."

धाकटी पुढं सरसावली. "मग सोडून परत का नाही बांधलीस? वेळ होता की हातात!"

"होता गं," थोरली म्हणाली. "पण तीन वर्षांनी तू माझ्या कशाला तरी हात लावला होतास. ते सोडवायला माझा हात होईना."