डबल बेल

बसच्या दारात आजोबांचे पाय जमिनीला खिळले. मागची रांग चुळबुळ करू लागली. कंडक्टरबाई हात धरून ओढू लागल्या, तशा सोबतच्या आजी कळवळल्या, "ओढू नका हो, पडतील! पार्किन्सनमुळे पाय असे मध्येच अडतात. तीस वर्षं यांनी बस चालवली, आणि आता चढवेना!" त्याबरोबर कंडक्टरबाईंची ट्यूब पेटली. "ड्रायव्हरसाहेब, बेल देतेय, पण गाडी जागची हलवू नका!" असं ओरडून त्यांनी गाडी सोडताना ओढतात तशी दोरी दोनदा ओढली. टिंग टिंग! ड्रायव्हरचा पाय शिवशिवला, पण त्यांनी तो आवरला. आजोबांचा मात्र चटकन उठला तो थेट पायरीवर! "आता निघू द्या गाडी," सीटवर ऐटीत टेकत त्यांनी हुकूम दिला. स्टॉपवर उतरताना पाय पुन्हा अडले. कंडक्टरबाईंचा हात दोरीकडे जाण्याआधीच अख्खी बस एकसुरात ओरडली, "टिंग टिंग!"