मैदानाचा नारळ
केजजवळच्या एका गावात शाळेच्या मैदानावर पोरी रांगेत उभ्या होत्या. आयर्लंडात नर्स असलेल्या रोहिणीनं सुट्टीला येताना तिथल्या मैत्रिणीला, मोइराला सोबत आणलं होतं, पोरींना तिकडचा हर्लिंगचा खेळ शिकवायला. मोइराच्या हातात खेळायची काठी होती, टोकाला उलथन्यासारखी चपटी. वारलेल्या वडिलांनी तासलेली ही काठी तिनं स्वेटरमध्ये गुंडाळून इथवर आणली होती. सुंदररावांनी तिला फेटा बांधला आणि काठी मागून घेतली. “दगडावर कशाला? नव्या खेळाचा नारळ ह्या दांड्यानंच फोडू!” रोहिणीचा हात पुढं झाला, पण तिनं तो तसाच मागं घेतला. सुंदरराव गावचे मालक. त्यांच्याच रानात तिच्या बापाची मेंढरं अजून बसायची. पहिल्या फटक्याला नारळ नुसता घरंगळला. दुसऱ्याला नारळ फुटला आणि काठीही उभी चिरली. टाळ्या पडल्या, हलगी कडाडली. सुंदररावांनी काठी परत देऊन खोबऱ्याचा तुकडा मोइराच्या हातावर ठेवला. “खा मॅडम, परसाद हाय.” मोइरा चिरेवरून बोट फिरवत राहिली. मग तिनं इंग्रजीत हळूच विचारलं, “खेळ सुरू करण्याआधी तुमच्यात असंच करतात का?” रोहिणीनं बापाकडं पाहिलं. तो मालकांच्या मागं हात बांधून उभा होता. “हो,” ती खाली बघत म्हणाली. “असंच करतात.” मोइरानं बाकीच्यांचं बघून खोबरं कपाळाला लावलं, डोळे पुसले आणि हसली. “मग बाबांना आवडलं असतं.” “काय म्हणल्या गं बाई?” सुंदररावांनी विचारलं. रोहिणीला ते मराठीत सांगता आलं नाही.